आठवा ते एकविसावा दिवस

कर्जत-खालापुरात वीटभट्ट्यांचा हंगाम आणि कांजिण्यांचा हंगाम थोड्याफार फरकाने एकामागोमाग सुरू होतात. दिवाळी उरकली, भात झोडून झालं, की कातकरी कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या आणि मुलाबाळांसकट भट्टीवर निघतात. काही कोळसा पाडायला जातात, काही पार घाट ओलांडून. मुक्काम पावसाच्या तोंडापर्यंत; जमलं तर मधे शिमग्याला घरी एक फेरी. कांजिण्यांचे रुग्ण आपल्याकडे वाढतात ते साधारण जानेवारीपासून पुढे, ऊन चांगलं तापेपर्यंत. भट्टीवरच्या झोपड्या एकमेकींना खेटून असतात. एका झोपडीतल्या पोराला आल्या की दोन-तीन आठवड्यांनी शेजारच्या पोरांना येतात, आणि कधी कधी त्यांच्या पंचविशीतल्या बापालाही.

पोराच्या कांजिण्यांना सहसा कोणी दवाखाना दाखवत नाही. अंथरुणात कडुनिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, बाहेरच्या माणसाला दारात मनाई, आणि खपल्या पडल्या की पाल्याच्या पाण्याने आंघोळ. यातली दारबंदी आजच्या वैद्यकाच्या कसोटीलाही उतरते. घोडं अडतं ते बापाशी. मोठ्या माणसाच्या कांजिण्या अंगभर फुटतात, ताप हटत नाही, खोकला धरतो, दम लागतो. मग त्याला मिनिडोरमध्ये घालून आणतात. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला आणि खालापूर तालुक्यात चौकला ग्रामीण रुग्णालयं आहेत, त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, शिवाय खासगी दवाखाने आहेतच. त्यापलीकडे पनवेल, आणि आणखी पुढे लोकलने मुंबई. साथरोगांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय कर्जतच्या जुन्या लोकांना पाठ आहे.

हा लेख त्या बापाबद्दल कमी आणि त्याला उतरवून घेणाऱ्यांबद्दल जास्त आहे. केसपेपर लिहिणारा, व्हीलचेअर ढकलणारे मामा, सलाईन लावणारी सिस्टर, चादर बदलणारी मावशी, रक्त काढणारा टेक्निशियन, १०८चा चालक. रुग्णापासून इतरांना किती धोका, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो. उतरवून घेणाऱ्यांपैकी कोणाच्या अंगात कांजिण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती आहे आणि कोणाच्या नाही, हे बऱ्याचदा त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं.

विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: लहानपणी सगळ्यांनाच येऊन गेलेल्या असतात.

हे गृहीत मुळात थंड देशांतल्या पाठ्यपुस्तकांतून आलेलं आहे, आणि तिथे ते खरंही होतं. लस येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेत बहुतेक मुलांना दहाव्या वर्षाच्या आत कांजिण्या होऊन जात. आई-बाप तर शाळेच्या सुट्टीत एकदाच्या उरकून घेत. उष्ण प्रदेशांत मात्र हा आजार वयाने वर सरकतो. तो का सरकतो यावर एकमत नाही. फोडांमधला विषाणू उष्ण-दमट हवेत लवकर निकामी होतो असं काही म्हणतात, उन्हातल्या अतिनील किरणांकडे काही बोट दाखवतात, आणि काहींच्या मते सारा मामला वस्तीच्या दाटीचा आहे. या तिसऱ्या मताला बळ देणारं काम आपल्याच देशात झालं. १९९८ साली बी. के. मंडल आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि आसपासच्या खेड्यांतल्या लोकांचं रक्त तपासलं. शहरातल्या तरुणांमध्ये जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात कांजिण्यांची प्रतिपिंडं सापडली. त्याच वयाच्या खेड्यातल्या तरुणांत निम्म्याहूनही कमी जणांच्या. हवा तीच, ऊन तेच, पाऊस तोच. फरक इतकाच, की खेड्यातल्या मुलाची लहानपणी विषाणूशी गाठच पडली नव्हती.

हा निष्कर्ष वाचताना मला पाथरज, खांडस, जांबरुखकडच्या वाड्या आठवतात. भीमाशंकरच्या पायथ्याशी, माथेरानच्या डोंगराखाली, इर्शाळगडाच्या कुशीत पंचवीस-पन्नास उंबऱ्यांच्या ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळेपर्यंत इर्शाळवाडी हे नाव महाराष्ट्राने ऐकलं नव्हतं. तिथे पोचायला पायवाटच होती. अशा वाडीत कांजिण्या येतात, दहा-पंधरा पोरांना गाठतात आणि विषाणूला पुढे नवा माणूस न मिळाल्याने संपतात. मग कित्येक वर्षं फिरकत नाहीत. त्या मधल्या वर्षांत जन्मलेलं मूल कोरंच वाढतं. पहिली गाठ पडते ती आश्रमशाळेच्या निवासात, भट्टीवर, नाहीतर नोकरीच्या पहिल्या वर्षी.

आणि नोकरी कुठली? वाडीतली दहावी-बारावी झालेली हुशार मुलगी एएनएम होते, जीएनएमला जाते, आशा होते, नाहीतर कंत्राटदाराकडून रुग्णालयात सफाईला लागते. वाडीवाडीतून माणसं आरोग्यसेवेत आली ही या दोन तालुक्यांसाठी फार मोठी गोष्ट आहे. ठाकरी बोलीत विचारपूस करणारी सिस्टर वॉर्डात असली की बाळंतपणाला आलेल्या बाईचा अर्धा धसका जातो. पण कांजिण्यांच्या हिशेबात हीच मुलगी सगळ्यात उघडी. दादर-परळच्या चाळीत वाढलेल्या तिच्या मैत्रिणीला पाचवीतच येऊन गेलेल्या असण्याची शक्यता बरीच जास्त.

रुग्णालयात काम करणाऱ्यांवर झालेले अभ्यासही हेच सुचवतात. मणिपालच्या आरोग्यशास्त्र विद्यार्थ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी कांजिण्यांबाबत असुरक्षित निघाले. त्याच्याही आधी, १९८६ साली, फिलिपिनो परिचारिकांबद्दल अशीच नोंद झाली होती. उष्ण बेटांवरून नोकरीसाठी परदेशी गेलेल्या या मुली मोठेपणी तिथे कांजिण्यांनी आजारी पडत. १९९०मध्ये अमेरिकी लष्कराने पोर्तो रिकोहून भरती झालेल्या जवानांत उठलेल्या साथी नोंदवल्या. मणिपालचा चौथा हिस्सा जसाच्या तसा कर्जतला चिकटवू नये हे मला कळतं. पण चाळीस माणसांच्या रुग्णालयात तो अंदाजापुरता धरला तरी दहा जणं होतात, आणि ही दहा जणं कोणती हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

मोठेपणी आलेल्या कांजिण्या हा चेष्टेचा विषय नाही. मुलांत मृत्यू अगदी विरळा. प्रौढांत त्याचं प्रमाण वीसपटीहून अधिक भरतं, तेही मुख्यतः न्यूमोनियामुळे. गरोदर बाईला तो न्यूमोनिया आणखी जड जातो. गर्भारपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत संसर्ग झाला तर थोड्या का होईना, दोन टक्क्यांच्या आसपास बाळांत व्यंग राहू शकतं. सर्वांत वाईट वेळ म्हणजे बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत. या दिवसांत आईच्या अंगावर फोड उठले तर तिच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होण्याआधीच बाळ जन्माला आलेलं असतं आणि विषाणू मात्र त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. तालुक्याच्या रुग्णालयात सर्वांत गजबजलेला वॉर्ड प्रसूतीचा. तिथे रात्रपाळी करणारी सिस्टर स्वतः पाचव्या महिन्यात असू शकते, आणि तिला कांजिण्या आल्या नसतील तर ती एकाच वेळी धोक्यात असते आणि इतरांना धोकाही असते.

विषाणूची चाल चकवणारी आहे. संसर्ग झाल्यापासून फोड उठेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात, बहुधा दोन आठवडे. पण माणूस इतरांना आजार देऊ लागतो तो फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, म्हणजे नुसतं अंग मोडून आलेलं असतं तेव्हापासूनच. आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत देत राहतो. एका घरात राहणाऱ्या, पूर्वी कांजिण्या न आलेल्या दहा माणसांपैकी नऊ जणांना हा आजार गाठतो. पाठ्यपुस्तकात कांजिण्यांच्या फोडाला गुलाबपाकळीवरच्या दवबिंदूची उपमा देतात. ती पाकळी गोऱ्या कातडीवर दिसते. भट्टीच्या राखेने आणि उन्हाने रापलेल्या पाठीवर लाली कळत नाही, फक्त चकचकीत पाण्याचे फोड दिसतात, तेही सदरा वर केला तर. एकाच वेळी पुरळ, पाण्याचे फोड आणि खपल्या असं तिन्ही अवस्थांचं मिश्रण पोटापाठीवर दिसलं, की अनुभवी सिस्टर डॉक्टर येण्याआधीच रुग्णाला रांगेतून बाजूला काढते. हे तिने करेपर्यंत तो बाकड्यावर अर्धा तास बसलेला असतो.

एक गैरसमज जाता जाता. जुने मामा-मावशी दंडावरचा व्रण दाखवून सांगतात, आम्हाला लस टोचलीय. तो व्रण देवीच्या लशीचा. हिंदुस्थानातली पहिली देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली होती. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५मध्ये सापडला. देवी आणि कांजिण्या हे दोन वेगळे आजार आहेत हे विल्यम हेबरडेनने १७६७मध्येच मांडलं होतं. देवीचा व्रण, किंवा तरुणांच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण, कांजिण्यांसमोर काही कामाचा नाही.

आता ड्यूटी चार्टकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे.

समजा महिन्याच्या १ तारखेला भट्टीवरचा हा तरुण वॉर्डात दाखल झाला. त्या दिवशी अंगावर नुसता ताप होता म्हणून त्याला सर्वसाधारण पुरुष वॉर्डात खाट मिळाली. फोड उठले, लक्षात आलं, आणि ४ तारखेला त्याला हलवलं. या चार दिवसांत तीन सिस्टर, एक मामा आणि दोन मावश्या त्याच्या आसपास वावरल्या. अमेरिकेतला नियम असा, की ज्या कर्मचाऱ्याकडे प्रतिकारशक्तीचा पुरावा नाही त्याला पहिल्या संपर्कानंतरच्या आठव्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतरच्या एकविसाव्या दिवसापर्यंत कामावर येऊ द्यायचं नाही. आठवा का? आजार लवकरात लवकर दहाव्या दिवशी दिसतो आणि त्याच्या दोन दिवस आधीपासून पसरतो, म्हणून. आपल्या उदाहरणात हा काळ ९ तारखेपासून २५ तारखेपर्यंत येतो. सतरा दिवस. माणूस धडधाकट असताना घरी बसवायचा, आणि बहुतेकदा शेवटी त्याला काहीच होत नाही.

हे चार्टवर मांडून बघा. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, एक जण आधीच बाळंतपणाच्या रजेवर, एक प्रशिक्षणाला अलिबागला. त्यातून तीन नावं सतरा दिवस काढली तर उरलेल्यांना सलग रात्रपाळ्या येतात. इन्चार्ज सिस्टर हे करू शकत नाही, आणि तिला दोष देता येत नाही. मग होतं असं, की सगळे येत राहतात. कोणी मास्क लावतं. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घेऊन ड्यूटी करतात. कायम कर्मचारी निदान खात्यातली रजा टाकू शकतो. कंत्राटी मावशीचा त्या दिवसांचा पगारच कापला जातो, त्यामुळे कांजिण्या आल्या नव्हत्या हे ती सांगणारच नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही सांगितलं नसतं.

या सतरा दिवसांवर खरा उतारा रुग्ण यायच्या आधीचा आहे. रुजू होतानाच एक प्रश्न: कांजिण्या आल्या होत्या का, कधी, कोणी पाहिल्या? ज्याला नक्की आठवतं त्याचं बहुधा खरं असतं; ‘हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला फारशी हरकत नसते. ‘नाही’ किंवा ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्यांपैकीही बरेच सुरक्षित निघतात, पण ते रक्ततपासणीशिवाय कळत नाही. ही तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत सहसा होत नाही. नमुना बाहेर पाठवावा लागतो. तपासायचं नसेल तर सरळ लस द्यावी. आधी आजार होऊन गेलेल्याला लस दिल्याने अपाय होत नाही. मोठ्यांना दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे. लस जिवंत विषाणूची आहे, म्हणून गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भ राहू देऊ नये असं सांगतात. नव्याने लग्न ठरलेल्या मुलींनी भरलेल्या नर्सिंग स्टाफमध्ये ही अट महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच कोणी मोकळेपणी बोलत नाही.

लशीची जन्मकथाही रुग्णालयाशीच बांधलेली आहे. मिचिआकी ताकाहाशी हे जपानी विषाणुतज्ज्ञ १९६४मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला काम करत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या आल्या आणि पोर अत्यवस्थ झालं. रात्रभर उशाशी बसलेल्या बापाने मायदेशी परतून ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातून विषाणू घेतला आणि प्रयोगशाळेत वाढवत वाढवत सौम्य केला. १९७४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला, त्याचा विषयच रुग्णालयातल्या मुलांत कांजिण्या पसरू नयेत म्हणून केलेला लशीचा वापर असा होता. जपानमध्ये १९८६ला आणि अमेरिकेत १९९५ला या लशीला मान्यता मिळाली. आपल्याकडे ती बालरोगतज्ज्ञांकडे मिळते, एका डोसला दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजून. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही.

ती नसण्याला नुसता पैसा कारण नाही. कांजिण्यांची लस अर्धवट देणं घातक ठरू शकतं. २०१४च्या भूमिकापत्रात जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलंय, की ऐंशी टक्के मुलांपर्यंत लस सातत्याने पोचवता येणार असेल तरच ती नियमित कार्यक्रमात घ्यावी. त्याहून कमी पोचली तर विषाणूचं फिरणं मंदावतं, पण थांबत नाही, आणि न घेतलेली मुलं कोरी राहून मोठेपणी गाठली जातात. आता नेरळ-कर्जत-खोपोलीच्या नव्या सोसायट्यांकडे पाहा. तिथल्या मुलांच्या फाइलमध्ये कांजिण्यांचे दोन्ही डोस टिकमार्क केलेले आहेत. मैलभरावरच्या वाडीत एकालाही नाही. सोसायटीतल्या आईबापांचं काही चुकत नाही, माझ्या नात्यातल्या मुलांनाही तीच लस दिलेली आहे. पण खासगी लस जशी पसरेल तसे वाडीतले कोरे तरुण कमी न होता वाढतील असं मला वाटतं, आणि त्यांच्यातूनच उद्याच्या सिस्टर आणि मावश्या येणार आहेत. त्याच भूमिकापत्रात आणखी एक वाक्य आहे, जे आपल्याकडे फारसं वाचलं गेलेलं नाही: मुलांच्या कार्यक्रमात लस नसली तरी, ज्या ठिकाणी रुग्णांना गंभीर कांजिण्यांचा धोका जास्त आहे तिथल्या असुरक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांना दोन डोस देण्याचा विचार देशांनी करावा.

सुईच्या बाबतीत आपण हे करून दाखवलंय. २०१८मध्ये राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम आला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बीची लस देणं त्याचा भाग झाला. टोचलेली सुई दिसते, रक्त दिसतं, भीती वाटते. हवेतून येणारं दिसत नाही. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, पण आपलीच सिस्टर इंग्लंडमध्ये नोकरीला निघाली की तिथलं रुग्णालय पहिल्या आठवड्यात तिच्या कांजिण्यांची चौकशी करतं आणि लागली तर लस टोचतं.

हवेचं बोलायचं तर एक जुना धडा आहे. १९८०मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका रुग्णालयातल्या साथीचा माग काढला. कांजिण्यांचा रुग्ण वेगळ्या खोलीत होता, तरी त्याच्या खोलीत पाऊलही न टाकलेल्या मुलांना आजार झाला. खोलीतली हवा बोळात जात होती. म्हणजे वेगळी खोली पुरेशी नाही, तिची हवा कुठे जाते ते पाहावं लागतं. कर्जतसारख्या ठिकाणी ऋण दाबाची यंत्रणा मागत बसण्यात अर्थ नाही. टोकाची खोली, बाहेरच्या मोकळ्या बाजूला उघडणारी मोठी खिडकी, आतलं दार बंद, आणि आत जाणारी माणसं कांजिण्या येऊन गेलेली किंवा लस घेतलेली, एवढं जमतं. जुन्या सरकारी इमारतींचे व्हरांडे याबाबतीत नव्या काचबंद वातानुकूलित दवाखान्यांपेक्षा बरे.

नागिणीचा रुग्ण मात्र कोणाच्याच नजरेत येत नाही. नागीण हा त्याच विषाणूचा दुसरा अवतार; लहानपणच्या कांजिण्यांनंतर तो मज्जातंतूंच्या गाठींत दबून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती खालावली की एका पट्ट्यात फुटतो. त्या फोडांतून कोऱ्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात. म्हातारे आधी गेरूचा लेप लावून येतात, मग वॉर्डात पडतात, आणि त्यांची पट्टी बदलायला बहुधा सर्वांत नवी सिस्टर पाठवली जाते.

संपर्क होऊन गेल्यावरही काही करता येतं. तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस टोचली तर आजार टळतो किंवा सौम्य होतो. पण त्यासाठी लस त्याच दिवशी फ्रीजमध्ये हवी. सरकारी शीतसाखळीत ती नाही, त्यामुळे कोणीतरी खासगी डॉक्टरांना फोन करणार, कोणीतरी पैसे देणार, आणि हे शनिवारी दुपारी घडलं तर सोमवार उजाडणार. गरोदर कर्मचाऱ्याला लस देता येत नाही. तिच्यासाठीचं इम्युनोग्लोब्युलिन महाग, आणि मोठ्या शहराबाहेर मिळणं कठीण. आजार आलाच तर असायक्लोव्हिर आहे, स्वस्त आणि सरकारी औषधांत मिळणारं, पण ते पुरळ उठल्यापासून चोवीस तासांत सुरू झालं तरच मोठा फायदा.

एका तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या, कंत्राटीसकट, सगळ्यांना विचारून ‘नाही’ म्हणणाऱ्यांना दोन डोस द्यायचे तर लागणारा पैसा एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीतून सहज निघेल. खालापूर तालुक्यात कारखान्यांची वाण नाही. अडचण यादीची आहे. कायम कर्मचाऱ्यांची यादी कार्यालयात असते, कंत्राटींची कंत्राटदाराकडे, नर्सिंगच्या विद्यार्थिनींची त्यांच्या कॉलेजात. आणि आशा कुठल्याच रुग्णालयाच्या यादीत नाही. ती वाडीत तापाच्या पोराला पाहून येते, त्याच दिवशी दिवस भरलेल्या बाईला घेऊन १०८मध्ये बसते, आणि बाळ होईपर्यंत प्रसूती वॉर्डाच्या दारात थांबते.